आधी पूर्वपक्ष, मग आपला पक्ष



आता खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांतून मुले-मुली एम. ए. पर्यंत पोचू लागली आहेत. दिवसा शाळेत शिकवून रात्री तत्त्वज्ञानाचा प्रबंध लिहू पाहणारे शिक्षकही आहेत. यांतल्या अनेकांची गाडी एकाच चढावर अडते. मार्गदर्शक सांगतात, "आधी या विषयावरच्या पूर्वीच्या लेखनाचा आढावा घेऊन या." मग विद्यार्थी चाळीस पुस्तकांची नावे मांडतो, प्रत्येकाखाली चार ओळींचा सारांश लिहितो आणि काम झाले असे समजतो. प्रबंध परत येतो, वर्ष फुकट जाते. म्हणून आज या कामाविषयीच बोलायचे आहे.

शेत घ्यायचे झाले तर तुम्ही काय करता? विकणारा सांगतो तेवढ्यावर पैसे मोजत नाही. सात-बारा काढता, जुने फेरफार पाहता. जमीन कोणाकडून कोणाकडे आली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, कोणी हरकत घेतली आहे का, हे सगळे तपासता. विचाराचेही तसेच आहे. एखादे मत आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, वाटेत त्यात काय मिसळले, त्याला कोणी हरकत घेतली, हे पाहणे म्हणजे आढावा. आपल्या शास्त्रकारांना ही शिस्त ठाऊक होती. ते आधी पूर्वपक्ष मांडीत, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे पुरते सांगत, आणि मग आपला सिद्धांत.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा विषय चार्वाक आहे. चार्वाक म्हटले की कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला देणारा, एवढेच आपल्याला आठवते. सावकारीच्या जाचाने पोळलेल्या घरांतून तर हे नाव शिवीसारखे घेतले जाते. पण हे वचन आले कोठून? ते प्रसिद्ध झाले चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहामुळे. त्या ग्रंथातले चार्वाकावरचे पहिलेच प्रकरण उघडा. प्रकरणाच्या शेवटी कर्ज आणि तूप आहे खरे. पण आरंभी त्याच श्लोकाचा दुसरा पाठ दिला आहे. त्यात कर्जही नाही नि तूपही नाही. जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, मरणाच्या कक्षेबाहेर कोणीच नाही, एवढाच आशय आहे. नवव्या शतकातल्या जयंतभट्टाच्या न्यायमंजरीतही हाच बिनकर्जाचा पाठ सापडतो. रामकृष्ण भट्टाचार्य यांनी निरनिराळ्या ग्रंथांतले हे पाठ ताडून पाहिले आणि कर्जाचा पाठ मागाहून घुसडलेला आहे, असे मत मांडले. त्यांचा चार्वाकांवरचा लेखसंग्रह २००९ साली निघाला. आता हे न वाचताच कोणी चार्वाकाच्या उधळेपणावर प्रबंध लिहिला, तर त्याचा पायाच खचला म्हणायचा.

येथे आणखी एक अडचण आहे. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे म्हणणे कळते ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. पंचांपुढे एक पक्ष गैरहजर असावा आणि त्याची बाजू प्रतिपक्षानेच सांगावी, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी पंचाची जबाबदारी वाढते, की नाही?

तेव्हा आढावा पुस्तकांच्या यादीप्रमाणे न लिहिता प्रश्नाप्रमाणे लिहावा. एक प्रश्न घ्या : चार्वाक अनुमान मानतो काय? म्हणजे धूर पाहून विस्तव आहे असे म्हणणे त्याला कबूल आहे काय? आता साक्षीदार बोलवा. माधवाचार्य सांगतात, नाही. चार्वाकाला प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण. पण आठव्या शतकातला बौद्ध पंडित कमलशील पुरंदर नावाच्या चार्वाकाचे मत देतो. लोकव्यवहारातले अनुमान आम्हांला मान्य आहे, परलोकासारख्या गोष्टींत ते चालत नाही, असे पुरंदराचे म्हणणे. तिसरा साक्षीदार जयराशिभट्ट. त्याच्या तत्त्वोपप्लवसिंह या ग्रंथाचे हस्तलिखित १९२६ साली गुजरातेत पाटण येथे सापडले आणि १९४० साली बडोद्याहून छापून निघाले. हा गृहस्थ तर प्रत्यक्षालाही प्रमाण म्हणायला तयार नाही! मग त्याला चार्वाक म्हणावे की नाही, यावर विद्वानांत वाद आहे. बघा, तीन साक्षींतून चार्वाकांत एकच मत नव्हते असा संशय उभा राहिला. तुमच्या प्रबंधाला जागा मिळते ती अशा ठिकाणी.

कामाची रीत साधी आहे. प्रत्येक ग्रंथासाठी एक स्वतंत्र कागद करा. त्यावर लिहा : हे कोण म्हणतो, केव्हा म्हणतो, स्वतःचे सांगतो की दुसऱ्याचे, आधार कोणता, आणि त्याला उत्तर कोणी दिले. पान क्रमांक तेथल्या तेथे टिपा. मागाहून शोधायला दुप्पट वेळ लागतो. ग्रंथातले शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले मत वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी गोंधळ होणार नाही. पुढे कागद प्रश्नवार लावा. नवा लेख वाचताना त्याच त्या ग्रंथांची नावे आणि तेच ते युक्तिवाद भेटू लागले, की त्या प्रश्नापुरते वाचन पुरे होत आले असे समजा.

पुस्तके कोठून आणायची, असे कोणी विचारील. पूर्वी त्यासाठी पुण्याला किंवा बडोद्याला जाऊन राहावे लागे. आता देशभरातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात मोबाईलवरही फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच घरबसल्या उघडतो. विश्वकोशातल्या नोंदीपासून सुरुवात जरूर करावी, पण तेथेच मुक्काम करू नये. नोंद वाट दाखविते; मूळ ग्रंथापर्यंत आपल्यालाच चालत जावे लागते.

आणि शिक्षकमित्रांनो, ही सवय प्रबंधापुरती ठेवू नका. वर्गात एखाद्याचे मत खोडण्यापूर्वी ते मुलांना असे सांगून पाहा, की तो माणूस समोर असता तर म्हणाला असता, "होय, माझे म्हणणे हेच." ज्यांची बाजू सांगायला आज कोणी उरलेले नाही, त्यांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. एवढे करून मग खुशाल आपला पक्ष मांडावा.