बुडत्या पेढीचा नवा कारभारी

सायखेड्याच्या उपबाजारांत कांद्याचा लिलाव झाला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं हिशेबपट्टी पडते. वजन किती, भाव काय, कपात कशाची, हें तो तेथेंच ताडून पाहतो. याच निफाड तालुक्यांतील द्राक्षें मात्र समुद्र ओलांडून विलायतेंतील अजस्र दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसतात आणि तेथला हिशेब त्याच्या दृष्टीआड होतो. अशा दुकानांचा हिशेब कसा बिघडतो व तो सावरणाऱ्याला काय करावें लागतें, हें टेस्को या ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या किराणा-पेढीच्या इतिहासावरून दिसतें.

जॅक कोहेन यानें १९१९ सालीं लंडनच्या पूर्व भागांत भर बाजारांत मांडलेल्या साध्या ठेल्यांतून ही पेढी वाढली. पुढें आल्डी व लिडल हीं स्वस्त जर्मन दुकानें शेजारीं येऊन बसलीं आणि गिऱ्हाईक तिकडे वळूं लागलें. १ सप्टेंबर २०१४ रोजीं डेव्ह लुइस यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. साबण-सोड्याच्या धंद्यांत, युनिलिव्हरमध्यें, त्यांची हयात गेली होती. टेस्कोच्या बाहेरून आलेले ते पहिलेच कारभारी.

तीन आठवडेहि लोटले नाहींत तोंच, २२ सप्टेंबरला, सहामाही नफा सुमारें २५ कोटी पौंडांनीं फुगवून दाखविला गेल्याचें त्यांना जाहीर करावें लागलें. हा फुगवटा आला कोठून? माल मोक्याच्या फळीवर मांडला, ठराविक खप झाला, कीं पेढी माल पुरविणाऱ्याकडून पैसे घेई. ही एक प्रकारची दस्तुरीच. ती पदरांत पडण्यापूर्वींच जमेस धरली गेली होती. विकणाऱ्याचें लक्ष गिऱ्हाइकावरून उडून माल देणाऱ्याच्या खिशाकडे गेलें, कीं दुकानाला कीड लागलीच म्हणून समजावें.

लुइस यांचे उपाय कडू होते. तोट्यांतील ४३ दुकानें बंद झालीं, नव्या दुकानांचे ४९ बेत रद्द झाले, भागीदारांचा लाभांश थांबला, हजारोंची नोकरी गेली. या शेवटल्या गोष्टीचें कौतुक कोणी करूं नये. चूक वरच्यांची आणि उपास खालच्यांना, असा तो प्रकार होता. एप्रिल २०१५ मध्यें वर्षाचा तोटा सुमारें ६४० कोटी पौंड जाहीर झाला. त्यांतील मोठा भाग जागांची किंमत कागदावर उतरविल्याचा होता. कोरियांतील दुकानेंहि विकून टाकलीं. टोमॅटोच्या सॉसचे २८ प्रकार फळीवर कशाला, असा प्रश्न विचारून मालाचे प्रकार कमी केले आणि नेहमीच्या जिनसांचे भाव उतरविले. कचेरींतील मंडळींना दुकानांत उभें राहून काम करावयास लावलें.

पण खरें दुखणें माल देणाऱ्यांचें होतें. जानेवारी २०१६ मध्यें ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या किराणा-लवादानें निर्णय दिला कीं, पेढीनें पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून अडकवून ठेवले; एका पुरवठादाराची लाखों पौंडांची रक्कम फेडावयास एक वर्षाहून अधिक काळ लागला. लुइस यांनीं चूक कबूल केली. तत्पूर्वींच लहान पुरवठादारांना १४ दिवसांच्या आंत पैसे देण्याचा वायदा त्यांनीं केला होता. लाभांश २०१७ मध्यें पुन्हां सुरू झाला आणि २०२० मध्यें लुइस पदावरून गेले तेव्हां पेढी पायांवर उभी होती.

याच सुधारणेच्या काळांत, २०१६ मध्यें, पेढीनें स्वस्त फळें, भाज्या व मांस निरनिराळ्या शेतवाड्यांच्या नांवांनीं विकावयास काढलें. त्या नांवांच्या शेतवाड्यांतून तो माल येतच नव्हता. तेथील शेतकरी-संघानें तक्रार केली. इकडे निफाडच्या शेतकऱ्याला युरोपांत द्राक्षें धाडावयाचीं तर आपली बाग ‘ग्रेपनेट’ या सरकारी नोंदींत दाखल करावी लागते, आणि पेटीवरच्या खुणेवरून थेट त्या बागेपर्यंत माग काढतां येतो.