नफेखोराचा चेहरा

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



युद्धात सैनिक मरतो, शेतकरी नागवला जातो आणि कुणीतरी गबर होतो. या तिसऱ्या माणसावर अर्नेस्ट क्लास या फ्लेमिश लेखकाने 1923 मध्ये कादंबरी लिहिली. तिचा नायक शारेल्के दोप हा पहिल्या महायुद्धातला बेल्जियममधील क्षुद्र नफेखोर. पुढे ती पडद्यावरही आली. अशा माणसाला वाचक हसतो. पण छोट्याला हसता हसता बडा निसटतो, ही या कथाप्रकाराची अडचण आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'अशनि संकेत'ने उभा केला. सत्यजित राय यांच्या त्यावरील चित्रपटाला 1973 मध्ये बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल मिळाले. कथेतल्या बंगाली खेड्यात सिंगापूर पडल्याची वार्ता येते, तेव्हा सिंगापूर मेदिनीपूर जिल्ह्यात असावे, असा तर्क लढविला जातो. ज्या युद्धाचा ठावठिकाणाही माहीत नाही, ते युद्ध या माणसांच्या ताटातला भात पळविते. गावचा विश्वास धान्य दडवितो आणि लोकांच्या रोषाला पात्र होतो. परंतु त्याच्या पाठीमागचे आडते, ठेकेदार, लष्करी खरेदी हे सारे पडद्याबाहेरच राहते. रायांनी दुष्काळात हिरवीगार शेते दाखविली, या आक्षेपात मात्र अर्थ नाही. हिरव्या शेताच्या बांधावर माणूस उपाशी मरतो, हेच तर 1943 चे सत्य होते.

पडद्याबाहेरचा हिशेब दुष्काळ चौकशी आयोगाने 1945 मध्ये मांडला. मृत्यू सुमारे पंधरा लाख, तांदळाच्या व्यवहारातील अवाजवी नफा दीडशे कोटी रुपये. म्हणजे एका प्रेतामागे हजार रुपये! हे गणित कुणा समाजवाद्याने नव्हे, इंग्रज सरकारच्याच आयोगाने केले. मृतांचा आकडा तीस लाखांच्या आसपास असावा, असे पुढील संशोधकांचे मत आहे.

वर्धेला हे परके नाही. 14 जुलै 1942 रोजी इंग्रजांनी चालते व्हावे, हा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने याच गावी केला. 16 ऑगस्टला आष्टीत गोळीबार झाला. पुढारी तुरुंगात असताना बाजार मात्र मोकळा होता. कापडाचे भाव इतके चढले की जून 1943 मध्ये सरकारला सूत-कापड नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नियंत्रण आले तसा काळाबाजारही आला. 1947 अखेर खुद्द गांधीजींनी नियंत्रणे उठवा म्हटले. लाचलुचपतीवरचा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. व्यापाऱ्याच्या सचोटीवरचा भरवसा मात्र फोल ठरला. जानेवारी 1948 मध्ये कापड मोकळे झाले, भाव भडकले आणि त्याच वर्षी नियंत्रण परत आणावे लागले.

या काळाबाजारावर कुणाला कादंबरी लिहायची असेल, तर त्याने हिंगणघाट वा पुलगावपासून आरंभ करावा. कापूस विकणारा, गिरणीत सूत काढणारा आणि गाठी दडविणारा, तिघेही त्याला एकाच बाजारपेठेत भेटतील.