ॲल्युमिनियमच्या इंजिनाला तडा गेला तर



कुळागराला पाणी देणाऱ्या छोट्या पेट्रोल-पंपाच्या इंजिनाचा सांगाडा पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. तेल आटते, कनेक्टिंग रॉड तुटतो, त्याच्या आघाताने क्रँककेसला भगदाड पडते आणि ऐन उन्हाळ्यात बाग तहानेली राहते. अशा वेळी ‘बीड सांधता येते, ॲल्युमिनियम नाही’ असे ऐकावयास मिळते. या समजुतीला अनुभवाचा आधार आहे. मात्र दोष बहुधा पूर्वतयारीचा असतो.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, ओतीव मिश्रधातू त्याहूनही आधी. त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २,००० अंशांपर्यंतही तसाच टिकतो. शिवाय हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. पाहता पाहता खाली गळून पडतो. म्हणून या कामास कारागीर ज्याला आर्गॉन वेल्डिंग म्हणतात ती पद्धत, तीही प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहावर, योग्य ठरते. प्रवाहाची दिशा पालटताना पापुद्रा फुटतो आणि आर्गॉन वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून ठेवतो. भरणीसाठी सुमारे ५ टक्के सिलिकॉन असलेली सळई सामान्यतः वापरतात.

खरे कष्ट ठिणगी पडण्यापूर्वीचे आहेत. वर्षानुवर्षे तेलात भिजलेल्या ओतीव धातूच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. ते राहिले तर सांध्यात बुडबुडे धरतात. इंजिन पूर्ण सुटे करावे, पेट्रोलची टाकी दूर न्यावी, तेलकटपणा धुऊन काढावा, भाग गरम करून पाझरलेले तेल पुसावे आणि पुन्हा धुवावे. धुण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावक कदापि वापरू नये. वेल्डिंगच्या ज्योतीत त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू निर्माण होतो. लोखंडावर वापरलेला ब्रशही येथे नको. स्टेनलेस पोलादाचा, याच कामासाठी राखलेला असावा. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे छिद्र पाडले म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग कानशीने त्याला इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच द्यावी.

कीस पाडण्यापूर्वी धातूवर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. तो फसफसला तर धातू मॅग्नेशियमचा असण्याचा संभव आहे. त्याचा कीस पेट घेतो. तेथे हात आखडता घ्यावा.

जाड भाग दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत आधी तापवावा, सांधा थोडाथोडा भरावा आणि वाऱ्यापासून दूर, सावकाश निवू द्यावा. घाईने पाणी ओतणारा कारागीर नवा तडा मोफत देतो.

तडा कोठे आहे, हे तर सर्वांत आधी पाहावयाचे. क्रँककेसची बाजू किंवा बाहेरचा पाय सांधण्यास हरकत नाही. तडा सिलिंडरच्या पोकळीतून अथवा मुख्य बेअरिंगच्या घरातून गेला असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने ती जागा वाकडी होते. पुन्हा यंत्रावर कातून घेण्याची सोय नसेल तर नवा ब्लॉक घेणेच स्वस्त पडते. शेतकऱ्याला हे स्पष्ट सांगणारा कारागीर एका कामाची मजुरी गमावतो, पण बागेचा हंगाम वाचवतो.

सांधा निवल्यावर बाहेरून खडू फासावा व आतून रॉकेल लावावे. थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटली, तर तेवढा भाग खरवडून पुन्हा सांधावा. रेघ नसेल, तर पोकळीचे माप सर्व बाजूंनी घेऊन मगच इंजिन जुळवावे.