प्रतिध्वनीचे यंत्र आणि तांडेलाचे तारतम्य



पूर्वी तांडेल शिसे बांधलेली दोरी सोडून पाणी वावांत मोजीत असे. आज किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक नौकांवर ते काम मत्स्यशोधक यंत्र करते. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. यंत्राने सोडलेला ध्वनी तळावर आदळून ०.०२ सेकंदात परतला, तर खोली १५ मीटर ठरते. इतके साधे हे गणित आहे. परंतु यंत्राची मांडणी चुकली, तर हेच यंत्र तांडेलाची दिशाभूल करते.

प्रथम कंपनसंख्या. पुष्कळ यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन सोयी असतात. पहिली खोल पाण्यात उपयोगी पडते. उथळ पाण्यात तपशील स्पष्ट दिसावा म्हणून दुसरी घ्यावी. त्यानंतर ग्रहणक्षमता. ती फार वाढविल्यास पडदा ठिपक्यांनी भरतो, फार कमी केल्यास क्षीण प्रतिध्वनी हरवतो. ठिपके दिसू लागेपर्यंत ती वाढवावी व मग किंचित उतरवावी. बोंबिलाच्या पोटात हवेची पिशवी नसते; त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो. म्हणून पडदा रिकामा दिसला तरी पाणी रिकामे असेलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाची आहे ती उथळ पाण्याची सूचनाघंटा. यंत्र खोली मोजते ती ध्वनिक्षेपकापासून. नौकेचा तळ त्याच्याही अर्धा मीटर खाली असेल, तर पडद्यावर २ मीटर दिसत असता तळाखाली दीडच मीटर पाणी असते. हा फरक यंत्रात आधीच भरून ठेवावा. शिवाय हे यंत्र खाली पाहते, पुढचे खडप त्याला दिसत नाही. ४ नॉट वेगाची नौका अर्ध्या मिनिटात सुमारे ६० मीटर पुढे जाते. यास्तव ओहोटी, लाटांचा उतार आणि नौका थांबण्यास लागणारा अवधी ध्यानी घेऊन घंटेची मर्यादा सढळ हाताने ठरवावी.

माशांची घंटा मात्र बुडबुडे व तरंगत्या कचऱ्यानेही वाजते. तिला कंटाळून खलाशी सगळाच आवाज बंद करतो आणि खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्याची सूचनाही मुकी होते. तेव्हा गरज नसेल तेथे केवळ माशांची घंटा बंद करावी. उथळ पाण्याची कधीही नाही.

राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान वैध आकारमान निश्चित केले. जाळ्यात येणारे पिल्लू कोणते, हे यंत्र खात्रीने सांगत नाही. तो विवेक तांडेलाचाच.

हंगामापूर्वी ग्रामपंचायत व मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून बंदरावर एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. शिक्षकांनी प्रतिध्वनीचे हे गणित वर्गात सोडवून घ्यावे. आजचा विद्यार्थी उद्या सुकाणू धरील, तेव्हा घंटा का वाजली हे त्याला उमगलेले असेल.