गंधाचा मेंदूंतील प्रवास

शेगडीवरचें दूध करपून शेजारच्या खोलींतील माणसें धांवत यावीं, आणि शेगडीपाशीं उभ्या असलेल्या गृहिणीला त्याचा पत्ताहि नसावा! २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत असे प्रसंग अनेक घरांत घडले. दृष्टि मंदावली तर मनुष्य तत्काळ वैद्याकडे जातो. वास येईनासा झाला तर मात्र पडसें समजून स्वस्थ बसतो. ही उपेक्षा कितपत योग्य आहे, हें गंधाचा मेंदूंतील प्रवास पाहिला म्हणजे सहज ध्यानांत येतें.

नाकाच्या छताशीं असलेल्या नाजूक पडद्यांत लक्षावधि ज्ञानपेशी असतात. हवेंतील गंधकण या पेशींवरील ग्राहक-रेणूंना जाऊन भिडतात. मनुष्यांत अशा ग्राहकांचे सुमारें ४०० प्रकार आहेत. गंधग्राहकांच्या जनुकांचें विशाल कुल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं उजेडांत आणलें, आणि २००४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पेटीच्या थोड्या पट्ट्यांतून जसे असंख्य स्वरमेळ निघतात, तसेच या ग्राहकांच्या निरनिराळ्या जुळणींतून असंख्य गंध ओळखले जातात.

तेथून संदेश चाळणीसारख्या हाडांतून वर चढून घ्राणकंदांत पोंचतो. पुढची वाट इतर इंद्रियांहून निराळी आहे. डोळ्यांचा व कानांचा संदेश प्रथम थॅलॅमस नांवाच्या देवडीवर थांबतो, आणि मग मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातो. गंधाला ही देवडी ओलांडावी लागत नाहीं. त्याचा एक फांटा पिरिफॉर्म पटलांत जातो. तेथें सुट्या खुणा जुळून ‘हा मोगरा’ असा एकसंध गंध घडतो. दुसरा अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या केंद्रांत शिरतो; तेथें त्याला भीतीचा, किळसेचा वा ओढीचा रंग चढतो. तिसरा स्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पसच्या दाराशीं जातो. पहिल्या पावसानें भिजलेल्या मातीचा वास येतांच बाळपणींचें अंगण डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याचें रहस्य या जवळिकींत आहे. शेवटीं, डोळ्यांच्या खोबणींवरील पटलांत गंध व चव यांचा संगम होऊन पदार्थाची रुचि ठरते. म्हणूनच वास गेलेल्या माणसाला आमटी केवळ खारट-आंबट लागते.

गेलेला गंध कित्येकदां परत येतो. जर्मनींतील थॉमस हुमेल यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोग्यांना गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार गंध रोज दोन वेळां, १२ आठवडे हुंगावयास दिले. असा अभ्यास न करणाऱ्यांपेक्षां त्यांच्यांत अधिक सुधारणा दिसली. उलटपक्षीं, कंपवाताच्या पुष्कळ रोग्यांत हात कांपूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधींच गंधज्ञान मंदावलेलें आढळतें. वास न येणाऱ्या प्रत्येकास तो रोग जडतो असें मुळींच नव्हे. परंतु पडसें नसतांहि वास येईनासा झाला, तर वैद्याचा सल्ला घेणें इष्ट होय.

स्वयंपाकाच्या गॅसला जात्या वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. ज्या पहारेकऱ्यावर घरानें एवढा भरंवसा टाकला, तो जागा आहे कीं नाहीं, हें मधून मधून पाहण्यांतच शहाणपण आहे.