प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : वेळेचे मोल



सोलापूर शहरातील डफरिन चौक सर्वांच्या परिचयाचा आहे. भारतीय स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य मिळावे, म्हणून १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी उभारला गेला. त्या काळी बाळंतिणीला डॉक्टर मिळणे हाच मोठा प्रश्न होता. आज खरा प्रश्न वेळेचा आहे.

मूल जन्मल्यावर गर्भाशय आकुंचन पावते आणि वार सुटलेल्या जागेवरील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते. अतिरक्तस्रावाचे हे प्रमुख कारण होय. वारेचा तुकडा आत राहणे, जननमार्गास इजा होणे व रक्त न गोठणे ही अन्य कारणे. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. हाती अवधी किती थोडा, हे यावरून ध्यानी येईल. मुळातच रक्त कमी असलेल्या मातेला तर तेवढाही अवधी मिळत नाही.

म्हणून रक्तस्राव नजरेच्या अंदाजाने न ठरवता मोजला पाहिजे. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणांची पिशवी ठेवून रक्त मोजले आणि गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन व तपासणी हे उपचार एकत्रच सुरू केले, तेव्हा गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यांपैकी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच द्यावयाचे असते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. ऑक्सिटोसिन मात्र २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. टेबलावर राहिलेली कुपी दिसावयास तशीच दिसते, परंतु तिचा गुण उणावलेला असतो. आरोग्य केंद्रातील शीतपेटीची निगा म्हणजे मातेच्या प्राणांचीच निगा होय.

करमाळ्याहून सोलापूरचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यास विलंब नको. सन २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूतीसाठी वाहन, औषधे व रक्त विनामूल्य मिळते. वाटेतही मर्दन व सलाईन चालू ठेवावे आणि मातेला ऊब द्यावी.

घरी आलेल्या बाळंतिणीच्या घड्या भराभर भिजू लागल्या, तिला घेरी आली किंवा तिचे अंग गार पडले, तर “बाळंतपणात रक्त जायचेच” असे म्हणून कोणी थांबू नये. त्या थांबण्यातच माता गमावली जाते.