लांब तार, दूरचा आवाज



टॉवर बंद पडला की मोबाईल मुका. शॉर्टवेव्हला टॉवर लागत नाही. तिच्या लहरी दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या थरावरून परतून दूरदेशी उतरतात. बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह सोडली, पण बाकीची केंद्रे बोलतात.

आम्ही वीस मीटर वेष्टनाची तांब्याची तार घेतली. एक टोक नायलॉन दोरीने कडुलिंबाला बांधले, दुसरे खिडकीतून आणून रेडिओच्या दांडीला गुंडाळले. रात्री बारीक आवाज मोठा झाला.

दोन गोष्टी पाळा. विजेच्या लाईनजवळ तार नेऊ नका. तुटून पडली तर जीव जाईल. वळवाचे ढग दिसताच तार सोडवून घराबाहेर टाका.

आपल्या कापसाचा भाव दुसरे ठरवतात. बातमी तरी आपल्या कानांनी ऐकू.